मर्दानी खेळांच्या मराठी वर्णनातील वर्तुळ आणि केंद्र : शिरूर-दौंड परिसरातील कुस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणविषयक लेखनात वर्तुळाकार गतीचा उल्लेख वारंवार येतो. दांडपट्ट्याचे फेर, लाठीचे हात, बनेटीची चक्रे आणि कुस्तीतील ढाक, धोबीपछाड यांसारखे डाव यांचे विवेचन करताना ‘वर्तुळाकार गतीमुळे निर्माण होणारी केंद्रोत्सारी शक्ती’ हे त्यांचे रहस्य म्हणून सांगितले जाते. अभ्यासक्रमासाठी तयार झालेल्या मार्गदर्शिका, स्मरणिकांतील लेख आणि क्रीडादिनाची भाषणे यांतून ही शब्दयोजना इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. याउलट तालमीच्या हौद्यात उभा असलेला वस्ताद ‘आत घे’, ‘चिकटून राहा’, ‘सोडू नको’ एवढेच सांगतो. बाहेर फेकणाऱ्या शक्तीचा उच्चारही त्याच्या बोलण्यात नसतो. एकाच कृतीची ही दोन वर्णने परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात.

या विसंगतीकडे भौतिकशास्त्रातील एक किरकोळ चूक म्हणून पाहता येईल. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिचे मूळ अधिक खोल आहे. वर्णन कोणाच्या जागेवरून केले जाते, डाव टाकणाऱ्याच्या, डाव खाणाऱ्याच्या की कडेला बसून पाहणाऱ्याच्या, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शिरूर व दौंड या तालुक्यांतील कुस्तीच्या व शेतीच्या व्यवहारातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

हगाम्याची रचना

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की येथे कुस्त्यांचा ‘हगामा’ भरतो. प्रारंभी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्त्या, नंतर वाढत्या इनामाच्या कुस्त्या आणि शेवटी निकाली कुस्ती, असा त्याचा क्रम असतो. हलगी वाजत असते आणि प्रेक्षक आखाड्याभोवती गोलाकार बसलेले असतात. या बसण्याच्या रचनेचा वर्णनावर झालेला परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. रिंगणाच्या कडेला बसलेल्या माणसाकडे, म्हणजे केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, पैलवान येऊन पडतो. आत काहीतरी असे घडले की ज्यामुळे तो बाहेर फेकला गेला, असा समज त्याने करून घेणे स्वाभाविक आहे. आत प्रत्यक्षात काय घडले ते दोन पैलवानांच्या चार हातांमध्ये असते आणि ते कडेवरून दिसत नाही.

डाव खाणाऱ्याचा अनुभवही याच समजाला पुष्टी देतो. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या एस.टी.त उभा असलेला प्रवासी वळणावर बाहेरच्या बाजूस कलतो आणि कोणीतरी आपल्याला ढकलले असे त्याला वाटते. वस्तुतः त्याला कोणीही ढकललेले नसते. त्याचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहत असते आणि गाडी त्याच्याखालून आत वळत असते. आधारासाठी धरलेली दांडी त्याला आत ओढते, म्हणूनच तो गाडीबरोबर वळतो. भौतिकशास्त्रात फिरणाऱ्या चौकटीत बसून हिशेब करावयाचा झाल्यास या बाहेरच्या ओढीस एक आभासी बल म्हणून स्थान आहे, आणि ते वापरण्यात काही गैर नाही. मात्र हिशेब कोणत्या चौकटीत चालला आहे हे आधी सांगावे लागते. मार्गदर्शिका ते सांगत नाहीत. फिरवला जाणारा आणि पाहणारा या दोघांच्या अनुभवाची सरमिसळ करून त्या ती फिरवणाऱ्याला सूचना म्हणून देतात.

शब्दांबाबतही थोडे सांगणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘फोर्स’ या संज्ञेसाठी मराठी विश्वकोशाने ‘प्रेरणा’ हा शब्द स्वीकारला, शालेय पाठ्यपुस्तकांत ‘बल’ हा शब्द स्थिरावला, आणि सर्वसाधारण लेखनात मात्र ‘शक्ती’ हा शब्द सर्रास वापरला जातो. ‘शक्ती’ ही शास्त्रीय परिभाषेत कार्य करण्याच्या दराची संज्ञा आहे. केंद्राकडे खेचणारे बल एकसमान वर्तुळाकार गतीत गतीच्या दिशेशी नेहमी काटकोनात असते, त्यामुळे ते कार्य करीतच नाही. ते केवळ दिशा बदलते. म्हणजे ‘केंद्रोत्सारी शक्ती’ या जोडशब्दातील विशेषण आणि नाम ही दोन्ही पदे या ठिकाणी चुकीची ठरतात. तालमीतला ‘जोर’ हा शब्द मात्र व्यायाम आणि सरावाची लढत अशा दोन्ही अर्थांनी वापरात असून त्याबाबत कोणाचा गोंधळ होत नाही.

विज्ञानाच्या इतिहासातही बाहेरचे नाव आधी छापले गेले, हे येथे नमूद करावेसे वाटते. हायगेन्स यांनी लंबकाच्या घड्याळावरील आपल्या १६७३ च्या ग्रंथात केंद्रोत्सारी बलाचे नियम दिले. केंद्राकडे जाणाऱ्या बलाला न्यूटन यांनी स्वतंत्र नाव दिले ते १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त. ज्या उलटापालटीस युरोपातील विद्वानांनाही अवधी लागला, ती मराठी क्रीडालेखकांनी सहज करावी अशी अपेक्षा नाही. तथापि आज दहावीचा विद्यार्थी ज्या गोष्टी शिकतो त्या व्यायामाच्या पुस्तकात विसरल्या जाव्यात, हे मात्र समर्थनीय नाही.

गोफणीचा पुरावा

दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ पासूनच्या पाठ्यपुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्याच प्रकरणात दोरीला दगड बांधून फिरवण्याची कृती आहे. दोरी सोडली की दगड स्पर्शिकेच्या दिशेने जातो, आणि फिरत असताना त्यावर केंद्राच्या दिशेने बल प्रयुक्त असते, हे त्यावरून शिकवले जाते. या बलास पुस्तकात ‘अभिकेंद्री बल’ असे म्हटले आहे. शिरूर-दौंडच्या जिरायत पट्ट्यात हा प्रयोग पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधीपासून रब्बी ज्वारीच्या राखणीत होत आला आहे. कणसात दाणा भरू लागला की मचाणावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकली जात. कालव्याच्या आणि उपशाच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढल्यावर हे दृश्य विरळ झाले. तरी गोफण माहीत नसलेला जुना माणूस या भागात सापडणे कठीण.

गोफणीची निर्णायक साक्ष सोडण्याच्या क्षणाची आहे. फिरत्या दगडावर खरोखरच केंद्रापासून बाहेर ढकलणारे बल असते, तर दगड पाखराच्या दिशेला आला की दोर सोडावा लागला असता. तेथून तो त्रिज्येच्या रेषेत सरळ पाखराकडे गेला असता. राखण करणारे पोर असे कधीही करीत नाही. पाखरू समोर असेल तर दगड बाजूला असतानाच ते दोर सोडते, कारण त्या क्षणी दगडाची गती समोरच्या दिशेने असते. चुकीच्या कल्पनेप्रमाणे सोडलेला दगड शेजारच्या वावरात जातो. हाताला जाणवणारा ताण बाहेरचा वाटतो हे खरे, परंतु तो दगडाने दोरीवर आणि दोरीने हातावर दिलेला ताण आहे. दगडावर जे बल आहे ते हाताकडेच, आतच आहे. हात सुटला की आतले बल संपते. बाहेरचे नवे बल काही निर्माण होत नाही.

खळ्यावरील मळणीचे उदाहरणही याच जातीचे आहे. मध्ये रोवलेल्या मेढीभोवती बैलांची पात फिरे. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळे आणि कडेच्या बैलाला त्याच वेळात मोठा फेरा पूर्ण करावा लागे. मेढीलगतच्या बैलाला ‘मेढ्या’ म्हणतात आणि हाच शब्द पुढाऱ्यासाठीही वापरला गेला. वर्तुळातील महत्त्वाची जागा केंद्राजवळची आहे, ही जाण भाषेने अशा रीतीने जपलेली दिसते.

ढाक डावाचे विश्लेषण

आता मूळ विषयाकडे वळता येईल. ढाक हा डाव महाराष्ट्राला विशेष परिचित आहे, कारण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांचा तो हुकमी डाव म्हणून ओळखला जातो. एका हाताने प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कव घालणे, दुसऱ्या हाताने त्याचा दंड पक्का धरणे, आत पाऊल टाकून पाठ वळवणे आणि कमरेवरून त्याला फिरवत मातीवर आणणे, असे त्याचे साधारण स्वरूप सांगता येते. वर्णनकर्त्यांचे लक्ष बहुधा शेवटच्या फेरीकडे जाते. परंतु डाव लागतो की नाही हे दुसऱ्या आणि तिसऱ्या कृतीत, म्हणजे पकडीत आणि आत शिरण्यात ठरते.

हे आकड्यांत मांडून पाहावे. प्रतिस्पर्ध्याचे वजन ७० किलोग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ६० सेंटिमीटर अंतरावर आणि फिरण्याचा वेग सव्वा सेकंदात एक फेरा असा धरला, तर त्याला वर्तुळात ठेवण्यासाठी सुमारे १०६० न्यूटन एवढे आतल्या दिशेचे बल लागते. हा ताण जवळपास १०८ किलो वजन पेलण्याएवढा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक आहे. तोच फिरण्याचा वेग राखून अंतर ३० सेंटिमीटर केले तर लागणारे बल निम्म्यावर, सुमारे ५३० न्यूटनवर येते. शिवाय जवळच्या वस्तुमानाला फिरते करण्यासाठी पीळही कमी पुरतो. ‘चिकटून राहा’ या वस्तादाच्या दोन शब्दांत हा सगळा हिशेब आहे.

मात्र येथे एक सूक्ष्म भेद आहे आणि ‘लहान वर्तुळाला कमी ताकद लागते’ असे सरसकट लिहिणारे लेखक तो पाहत नाहीत. फिरण्याचा वेग कायम ठेवला तर लहान वर्तुळाला कमी बल लागते. पण प्रतिस्पर्धी ज्या रेषीय वेगाने धावून येत आहे तो कायम धरला, तर अंतर निम्मे केल्यावर लागणारे बल दुप्पट होते. आणि प्रतिस्पर्ध्याला आधी लांबून फिरवायला सुरुवात करून मग आत ओढले, तर कोनीय संवेग टिकून राहत असल्यामुळे तो अधिकच वेगाने फिरू लागतो. त्याला बिंदुवत मानल्यास निम्म्या अंतरावर लागणारे बल आठपट होते. माणसाचे शरीर बिंदू नसल्यामुळे प्रत्यक्षातील वाढ याहून कमी असेल, परंतु तिची दिशा हीच. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी जवळ जाणे, मग वळणे. ज्या मुलाला पुस्तकातून ‘फिरव म्हणजे तो बाहेर फेकला जाईल’ एवढेच समजले, तो आधी फिरवू पाहतो आणि त्याची पकड ऐन वेळी निसटते.

पकड निसटण्याचा परिणाम केवळ डाव वाया जाण्यापुरता मर्यादित नाही. अर्ध्या फेरीत सुटलेला प्रतिस्पर्धी गोफणीतील दगडाप्रमाणे स्पर्शिकेच्या दिशेने जातो आणि मग तो कोणत्या अंगावर पडेल यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. धरून खाली आणलेला पैलवान खांद्यावर व पाठीवर येतो. सुटलेला मानेवरही येऊ शकतो. वर्णनातील एका शब्दाची चूक येथे दुसऱ्याच्या शरीरावर उमटते. साहित्यसमीक्षेत दृष्टिकोनाचा दोष दाखवताना एवढे काही पणाला लागलेले नसते.

कुस्तीतील नावांनी मात्र ही चूक केलेली नाही. धोबीपछाड हे नाव वरवर पाहता आपटण्याचे आहे; पण धोबी कपडा दगडावर आपटतो तेव्हा तो हातातून सोडत नाही. सोडला तर तो नदीत जाईल. मोळी, झोळी, लपेट ही नावे बांधणे, सामावून घेणे, गुंडाळणे या क्रिया सांगतात. बगलडूब मारून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जाणारा पैलवान स्वतःच फेरा घेतो. तेथे प्रतिस्पर्धी हीच मेढ असते आणि त्याच्या अंगाला दिलेली पकड फेरा घेणाऱ्याला आत ठेवते. या पारिभाषिक शब्दांचा कर्ता डाव टाकणारा आहे. त्यांच्यात करणाऱ्याच्या हाताचे ज्ञान आहे, आणि पुढे आलेल्या गद्यात नेमके तेच हरवले.

कोश, प्रदर्शन आणि पट्टा

हे ज्ञान कोठे हरवले याचा शोध घेताना मराठीतील ‘व्यायाम ज्ञानकोश’ या कार्याकडे आदराने पाहावे लागते. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेला हा कोश नसता, तर देशी व्यायामप्रकारांतील कितीतरी संज्ञा आज केवळ आठवणीत उरल्या असत्या. त्याचे ऋण मान्य करूनही कोशरचनेची मर्यादा सांगितली पाहिजे. चित्र आणि कृतीचे टप्पे यांच्या साहाय्याने डाव समजावताना प्रत्येक टप्पा स्थिर होतो. वर्तुळ मात्र दोन टप्प्यांच्या मध्ये असते. पकडीचा ताण चित्रात दिसत नाही, आणि तो किती वेळ टिकवायचा हे तर मुळीच दिसत नाही. त्यामुळे वाचकाच्या हाती आरंभ व शेवट येतात. मधला भाग तो ऐकलेल्या शास्त्रीय वाटणाऱ्या शब्दाने भरून काढतो.

याच काळात देशी खेळांचे प्रदर्शन हा एक स्वतंत्र व्यवहार बनत होता. ज्या वर्षी कोशाचा आरंभ झाला त्याच १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याचा अभिमान सार्थच आहे. परंतु प्रात्यक्षिकाचे वर्णन हे पाहणाऱ्यासाठी केलेले वर्णन असते आणि तीच शैली पुढे शिकणाऱ्याच्या पुस्तकातही उतरली, असे मानण्यास जागा आहे.

दांडपट्ट्याच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे जाणवते. पट्ट्याचे पाते लवचीक असते आणि खोबळ्यात हात कोपरापर्यंत बंदिस्त असल्यामुळे मनगट मोकळे नसते. फेर खांद्यातून आणि कमरेतून घ्यावा लागतो. फिरवताना पाते ताठ होते, यावरून ‘ते बाहेर फेकले जाते’ असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पात्याचा प्रत्येक भाग त्याच्या आतल्या भागाने धरून ठेवलेला असतो. ही आत ओढण्याची साखळी मुठीपर्यंत येते आणि पाते तणावामुळे ताठ राहते. लिंबू कापण्याचे प्रात्यक्षिक करणारा खेळाडू हे ओळखून असतो. त्याचा फेर लिंबापाशी आला तरी मूठ शरीराकडे खेचलेलीच असते. लाठीचा आघातही टोकाच्या वेगातून येतो, बाहेरच्या कोणत्या शक्तीतून नव्हे. विट्याला तर दोरच असतो आणि त्याचे दुसरे टोक मनगटाला बांधलेले असते. यापेक्षा स्पष्ट व्याख्या कोणत्या पुस्तकाने द्यावी? २०२४ साली दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून घोषित केल्यानंतर या विषयावरील लेखन वाढले आहे. त्यातील बरेचसे गौरवपर आहे आणि पात्याच्या गतीविषयी ते जुनेच वाक्य पुन्हा लिहिते.

आपल्याकडील वर्णनाची तुलना जपानी परंपरेशी केल्यास एक फरक जाणवतो. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापन करून ज्युदोची मांडणी केली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळवणे, त्याला आपल्या शरीराशी बसवणे आणि मग फेकणे असे प्रत्येक फेकीचे तीन भाग त्यात वेगळे केले गेले. मधल्या भागाला तेथे स्वतंत्र नाव आहे. ढाक डावातील आत शिरण्याची कृती हीच आहे. तालमीत ती रोज होते, पण लेखनात तिला स्वतंत्र नाव मिळालेले नाही. ही उणीव कुस्तीची नसून कुस्तीविषयीच्या गद्याची आहे.

माती आणि मॅट

अलीकडे या प्रश्नाला एक नवे परिमाण लाभले आहे. शिरूर-दौंडमधील मुले, आणि आता मुलीही, मातीबरोबर मॅटवर सराव करतात. मॅटवरील लढतीचे क्षेत्र नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते आणि त्याबाहेर पाऊल पडले तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. तेथे बाहेर ढकलणे याला नियमानेच किंमत दिली आहे. मातीत निकाल चितपटीचा. प्रतिस्पर्धी कडेला गेला म्हणून काही साधत नाही, त्याला मध्ये आणूनच पाठीवर घालावे लागते. १९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग होऊन त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत होते, तेव्हा वर्तुळाचे हे दोन अर्थ समोरासमोर येतात. मॅटवर वाढलेला पैलवान रेटतो आणि मातीतला खेचतो, हे विधान सर्वांना लागू होणार नाही. तरी शिकवणाऱ्याला हा फरक विचारात घ्यावा लागतो. मॅटच्या नियमपुस्तिकेसोबत ‘बाहेर फेकणाऱ्या शक्ती’चे जुने वाक्य शिकणाऱ्याच्या हाती पडले, तर दोन्हींचा अर्थ एकच असा त्याचा समज होईल, आणि रेटण्याच्या सवयीने तो ढाक लावू पाहील.

त्यामुळे मार्गदर्शिकांच्या पुढील आवृत्त्यांत ‘केंद्रोत्सारी’ऐवजी ‘अभिकेंद्री’ हा शब्द घालणे ही दुरुस्ती अपुरी ठरेल. तो शब्द घालूनही वाक्य पाहणाऱ्याचेच राहू शकते. नोंद डाव टाकणाऱ्याच्या हाताच्या जागेवरून लिहिली गेली पाहिजे. कव कोणत्या हाताची, दंड कोठे धरलेला, पाऊल कोणते आत, दोघांच्या कमरेत किती अंतर, हे त्यात यावे. आणि जेथे आज ‘प्रतिस्पर्धी बाहेर फेकला जातो’ असे छापलेले असते, तेथे त्याचा दंड कधीपर्यंत सोडायचा नाही हे छापलेले असावे: त्याची पाठ मातीला लागेपर्यंत.